उलटणारा क्षय : दोष रोग्याचा की जंतूचा?

डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला 'बेल एअर' हे क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम काढले, तेव्हा जगात कुठेच क्षयावर औषध नव्हते. पाचगणीजवळ होती ती सुमारे तेराशे मीटरांची उंची, महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी पाऊस आणि हवापालटाचे ठिकाण म्हणून इंग्रज अमदानीपासूनची ख्याती. इकडे सांगली-मिरजेच्या पटवर्धनी संस्थानांत विल्यम वानलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी शल्यचिकित्सकाने मोठे काम उभे केले होते. वानलेस १८८९ साली सांगलीत आले, १८९४ साली त्यांनी मिरजेत इस्पितळ सुरू केले आणि १८९७ साली तिथे वैद्यकीय शिक्षणाचीही सोय केली. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये क्षयरोग्यांसाठी जे इस्पितळ झाले, त्याच्या भोवतालच्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. पाचगणी असो की वानलेसवाडी, त्या काळातल्या सॅनेटोरियमांची रीत साधारण एकच होती : खाटेवर सक्तीची विश्रांती, उघड्या व्हरांड्यातली हवा, दूध-अंडी, ठरल्या वेळी पाहिलेला ताप आणि ठरल्या दिवशी केलेले वजन. पुढे छातीत हवा भरून रोगट फुफ्फुस मिटवण्याची, फासळ्या काढण्याची शस्त्रकर्मेही आली. रोग्याचा ताप उतरे, खोकला कमी होई, वजन वाढे आणि तो घरी जाई. त्यांपैकी पुष्कळांचा क्षय वर्षा-दोन वर्षांत उलटे.

रोग उलटला की कारण रोग्याच्या वागण्यात शोधले जाई. लवकर उठून कामाला लागला, पथ्य मोडले, जागरणे केली, बाई असेल तर बाळंतपण ओढवून घेतले. औषधे आल्यावर या यादीत एका कलमाची भर पडली, गोळ्या अर्धवट सोडल्या. सातारा-सांगलीच्या गावांत आजही क्षय उलटलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेले असते. या लेखाचे म्हणणे असे, की गेल्या शंभर वर्षांचा पुरावा नीट मांडला तर दोषाची ही वाटणी टिकत नाही. क्षय उलटतो तो मुख्यतः त्या जंतूच्या एका गुणामुळे. औषधाचा मारा सुरू असताना त्यांतले थोडे जंतू आपली वाढ थांबवतात, आपली घडण बदलतात आणि मारा थांबेपर्यंत तग धरतात. उपचार किती महिने द्यायचा, कोणत्या औषधांनी द्यायचा आणि तो कोणाच्या जबाबदारीवर पुरा व्हायचा, हे सगळे या मूठभर जंतूंवरून ठरायला हवे. ते रोग्याच्या शीलावरून ठरवल्याने रोगी दुखावतो आणि रोग तसाच राहतो.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सर्वांसमोर ठेवला, त्यानंतर लवकरच त्याची एक ठरीव प्रतिमा तयार झाली. रंग दिल्यावर लाल दिसणारी, आम्लाने धुतली तरी रंग न सोडणारी बारीक काडी, ती ही प्रतिमा. तेव्हापासून थुंकीत या काड्या दिसणे म्हणजे रोग, आणि त्या न दिसणे म्हणजे रोग गेला, असे समीकरण रूढ झाले. त्याला पहिला धक्का लवकरच बसला. १९०७ साली हान्स मुख या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की नेहमीच्या रंगाने काहीच दिसत नाही अशा क्षयग्रस्त ऊतींत दुसरा रंग वापरल्यावर बारीक कण दिसतात. हे कण म्हणजे नेमके काय, यावर पुढे दीर्घकाळ वाद चालला. या जंतूचा दुसरा स्वभाव मात्र वादापलीकडचा होता. आतड्यातला साधा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुणावतो, तर क्षयाच्या जंतूला दुणावायला अठरा ते चोवीस तास लागतात. ज्याची भरभराटच इतकी सावकाश, तो विश्रांतीला गेला तर किती सावकाश होत असेल, याचा विचार मात्र औषधे हाती येईपर्यंत कोणाला करावा लागला नाही.

औषध आले ते १९४३ साली अमेरिकेत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने. ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने त्याची चाचणी घेतली आणि १९४८ साली तिचे निष्कर्ष छापले. ५५ रोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ रोग्यांना नुसती विश्रांती, अशी विभागणी होती. पहिल्या सहा महिन्यांत औषधाच्या गटात चारच मृत्यू झाले, दुसऱ्या गटात चौदा. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा हा फरक बराचसा पुसला गेला होता, कारण पुष्कळ रोग्यांतले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. यावर पॅराअमिनोसॅलिसिलिक आम्ल म्हणजे पॅस आणि १९५२ पासून आयसोनियाझिड जोडून देण्याचा उपाय निघाला. एका औषधातून निसटणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडे. त्यामुळे दाद न देणाऱ्या जंतूंचा प्रश्न बराचसा आटोक्यात आला, तरी उपचार दीड ते दोन वर्षे चालवावा लागे. तो आधी थांबवला तर रोग उलटे. आणि उलटलेल्या रोगातले जंतू तपासले तर बहुधा ते त्याच औषधांनी पूर्वीइतकेच सहज मरत. खरा पेच इथे होता. जंतू औषधाला दाद देणारे असतील, तर ते आधीच मेले का नाहीत?

या पेचाची किल्ली एका वेगळ्याच जंतूवरच्या प्रयोगात आधीच मिळाली होती. १९४४ साली डब्लिनमध्ये जोसेफ बिगर पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर पेनिसिलिनचा प्रयोग करत होते. औषध भरपूर असूनही सुमारे दहा लाखांत एखादा जंतू जिवंत राहतो, असे त्यांना आढळले. त्या उरलेल्यांना पुन्हा वाढवले, तेव्हा त्यांच्या संततीवर पेनिसिलिन पूर्ववत चालले, आणि पुन्हा तितकेच थोडे उरले. म्हणजे या जंतूंनी औषधाविरुद्ध कोणतीही नवी आनुवंशिक ताकद कमावलेली नव्हती. औषध आले त्या घडीला ते वाढीच्या अवस्थेत नव्हते, इतकेच. औषधाला दाद न देणारा जंतू आणि औषधाखाली तग धरणारा जंतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. पहिल्यात बदल कायमचा असतो आणि पिढ्यानुपिढ्या चालतो. दुसऱ्यात बदल तात्पुरता असतो आणि संकट टळल्यावर जंतू पूर्वपदावर येतो. पेनिसिलिनच्या नव्हाळीत या निरीक्षणाकडे फार कोणी लक्ष दिले नाही.

क्षयाच्या बाबतीत हीच गोष्ट न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्श मॅकडरमॉट, रॉबर्ट मक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० व १९६० च्या दशकांत उंदरांवर सिद्ध केली. क्षयाची लागण केलेल्या उंदरांना त्यांनी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही औषधे दिली. उपचारानंतर उंदरांच्या फुफ्फुसांचा आणि प्लीहेचा प्रत्येक भाग वाटून पाहिला, पण एकही जंतू उगवला नाही. त्या वेळी ज्ञात असलेल्या प्रत्येक कसोटीवर उंदीर बरे झाले होते. त्याच गटातले बाकीचे उंदीर औषध बंद करून तीन महिने तसेच ठेवले, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश उंदरांत जंतू पुन्हा दिसू लागले, तेही औषधाला दाद देणारे. इथे विषय पिंजऱ्यातल्या उंदरांचा होता. त्यांनी पथ्य मोडले नव्हते, एकही डोस चुकवला नव्हता. रोग उलटायला रोग्याच्या वागण्याची गरज नसते, याचा इतका निर्विवाद पुरावा यापूर्वी मिळाला नव्हता.

असे का होते, हे पुढच्या पन्नास वर्षांत हळूहळू उलगडत गेले. बहुतेक प्रतिजैविके जंतूचे बांधकाम अडवतात. आयसोनियाझिड जंतूच्या मेणचट भिंतीतली खास आम्ले तयार होऊ देत नाही, स्ट्रेप्टोमायसिन प्रथिने नीट बनू देत नाही. ज्या जंतूने बांधकामच थांबवले आहे, त्याचे या औषधांनी फारसे बिघडत नाही. सांगली-साताऱ्याच्या ऊसकऱ्याला हे लव्हाळ्यावरून कळेल. वर आलेले पाते तणनाशकाने करपते, पण जमिनीखालच्या निजलेल्या गाठींपर्यंत औषध पोचत नाही आणि पुढच्या पाण्याला त्या पुन्हा फुटतात. फुफ्फुसात ही जमीन म्हणजे रोगाने पनिरासारखा झालेला मृत भाग. तिथे प्राणवायू कमी आणि रक्तपुरवठा जवळपास नाही. अमेरिकेतले लॉरेन्स वेन यांनी दाखवले, की क्षयाच्या जंतूचा प्राणवायू एकदम तोडला तर तो मरतो, पण हळूहळू कमी केला तर टप्प्याटप्प्याने कारभार आवरून दीर्घकाळ जिवंत राहतो. अशा अवस्थेत तो चरबीचे थेंब साठवतो, भिंतीची घडण बदलतो आणि ओळखीचा तो लाल रंगही नीट धरत नाही. रोग्यांच्या थुंकीतल्या काही जंतूंत असे चरबीचे थेंब असतात, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. पुढे एकेका जंतूवर सूक्ष्मदर्शक रोखून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. या कुळातला जंतू दुभंगतो तेव्हा त्याची दोन्ही पिल्ले सारखी नसतात. त्यांच्या वाढीचा वेग वेगळा आणि औषधाने मरण्याची शक्यताही वेगळी. म्हणजे संकट येण्याआधीच ही जमात आतून विषम असते.

इथे एका आक्षेपाची दखल घ्यायला हवी. जंतू रूप बदलतो ही कल्पना वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा ताणली गेली आहे. १९३५ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एमी क्लीनेबर्गर यांनी भिंतीविना जगणाऱ्या जंतूंचे रूप ओळखले आणि संस्थेच्या नावावरून त्याला 'एल' हे नाव दिले. पेनिसिलिन जंतूची भिंतच पाडत असल्याने, भिंतीविना राहणारे रूप औषधाला चुकवू शकते हे प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा दिसले. त्यातून काहींनी जवळपास प्रत्येक जुनाट आजाराचे मूळ अशा लपलेल्या रूपांत शोधले, आणि तो शोध बहुतांशी फोल ठरला. सूक्ष्मदर्शकाखाली गोल किंवा फुगलेला जंतू दिसला म्हणजे तोच उद्याच्या आजाराचे बीज, असे म्हणता येत नाही. कित्येकदा ते मरणाऱ्या जंतूचे शेवटचे रूप असते. आक्षेप रास्त आहे, म्हणून इथला युक्तिवाद आकारावर उभा नाही. तो उभा आहे एका साध्या कसोटीवर : उपचार थांबल्यावर रोग परततो का, आणि परतलेला जंतू औषधाला दाद देतो का. उंदरांत याचे उत्तर मिळाले होते, ते माणसांत मिळायचे होते.

माणसांतल्या शोधाचे पहिले पाऊल आपल्याच देशात पडले. १९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासला क्षय-रसायनोपचार केंद्र काढले. त्याचे पहिले प्रमुख वॉलेस फॉक्स. त्यांनी १९३ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला सॅनेटोरियमची खाट, विश्रांती आणि सकस आहार, दुसऱ्याला मद्रासच्या दाट वस्तीतले घर, अपुरे जेवण आणि रोजचे कष्ट. औषधे दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांतले यश जवळपास सारखे होते. पाच वर्षांच्या पाठपुराव्यातही रोग उलटण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढला नव्हता. पाचगणीची हवा, मिरजेची खाट आणि पथ्याची शिस्त यांच्यावर उभ्या असलेल्या विचाराला यापेक्षा मोठा धक्का बसणे शक्य नव्हते. काम केले म्हणून, नीट खाल्ले नाही म्हणून क्षय उलटतो, हा आरोप या चाचणीने आधार नसलेला ठरवला.

मग सॅनेटोरियममधून जे बरे होऊन गेले त्यांचे काय? त्यांचे बरे होणे खोटे नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६० च्या दशकात ग्रामीण भागातल्या, फारसा उपचार न मिळालेल्या रोग्यांचा पाच वर्षे मागोवा घेतला. त्यांतले सुमारे निम्मे दगावले, सुमारे एक-तृतीयांश आपोआप जंतुमुक्त झाले आणि उरलेले रोग पसरवत जगत राहिले. शरीर स्वतःच्या बळावर काही रोग्यांत जंतूला कोंडून टाकते. सॅनेटोरियमने त्या बळाला हातभार लावला असेल, आणि रोग्याला घरापासून दूर ठेवून काही घरे वाचवलीही असतील. मद्रासच्या निष्कर्षावरून आहाराला काहीच मोल नाही असा अर्थ काढणेही चूक ठरेल. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोग्यांच्या घरच्या माणसांना पुरेसे धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. अन्न माणसाला रोगापासून वाचवते. एकदा रोग जडल्यावर तग धरून बसलेल्या जंतूंना मात्र योग्य औषधच लागते.

ते औषध कोणते, हे पूर्व आफ्रिकेतल्या चाचण्यांनी सांगितले, आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत वजनदार पुरावा तोच आहे. १९७० च्या सुमारास तिथे ब्रिटिश परिषदेने सहा महिन्यांचे चार वेगवेगळे उपचार ताडून पाहिले. सगळ्या गटांना स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड होते. एका गटाला त्यासोबत रिफॅम्पिसिन, एकाला पायराझिनामाइड, एकाला थायासिटाझोन, आणि एका गटाला आणखी काहीच नाही. रोगी इस्पितळात दाखल होते, औषध देखरेखीखाली दिले जात होते. सहा महिन्यांअखेर सगळ्याच गटांतल्या बहुतेक रोग्यांची थुंकी स्वच्छ झाली. उपचार थांबवल्यावर मात्र रोग उलटण्याचे प्रमाण रिफॅम्पिसिनच्या गटात सुमारे ३ टक्के, पायराझिनामाइडच्या गटात ८, थायासिटाझोनच्या गटात २२ आणि दोनच औषधांच्या गटात २९ टक्के निघाले. रोगी त्याच देशांतले, देखरेख तीच, मुदत तीच. बदलले होते फक्त औषध. जीवाणुशास्त्रज्ञ डेनिस मिचिसन यांनी यातून अशी मांडणी केली, की एकाच रोग्याच्या छातीत जंतूंच्या निरनिराळ्या टोळ्या असतात. झपाट्याने वाढणारे जंतू आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांत संपवते आणि तेवढ्यानेच रोग्याला बरे वाटू लागते. मधूनच जागे होऊन थोडे वाढणारे जंतू रिफॅम्पिसिन गाठते. आम्लधर्मी जागी दबा धरलेले पायराझिनामाइड मारते. पूर्ण निजलेल्यांवर कोणाचेच फारसे चालत नाही, त्यांचा बंदोबस्त शरीराला करावा लागतो. आजच्या सहा महिन्यांच्या कोर्सची बैठक हीच आहे. पहिले दोन महिने चालणाऱ्या चार औषधांनी बहुसंख्य जंतू मरतात, पुढचे चार महिने मूठभर तग धरलेल्यांसाठी असतात. रोग्याच्या दृष्टीने हे चार महिने निरर्थक वाटावेत अशीच त्यांची रचना आहे, कारण तोवर त्याला काही होत नसते.

मिरजेला या कथेचा दुसरा धागाही भिडतो. तिथल्या रिचर्डसन कुष्ठरुग्णालयासारख्या संस्थांत दशकानुदशके डॅप्सोन हेच मुख्य औषध होते आणि ते वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर, घ्यावे लागे. कुष्ठाचा जंतू क्षयाच्या जंतूचा सख्खा भाऊबंद, आणि त्याच्याहूनही संथ. १९७४ साली मलेशियातल्या रोग्यांवरचे निरीक्षण प्रसिद्ध झाले, की दहा-बारा वर्षे डॅप्सोन घेतलेल्यांच्याही शरीरात जिवंत जंतू सापडतात, आणि ते डॅप्सोनला दाद देणारे असतात. त्याच सुमारास डॅप्सोनला दाद न देणारे जंतूही वाढत होते. या दुहेरी पेचातून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली रिफॅम्पिसिनसह अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. ज्या रोगाला जन्मभर गोळ्या खाव्या लागत, तो ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला. कुष्ठरोग्याचे शील त्यासाठी सुधारावे लागले नाही. औषधाची जुळणी सुधारावी लागली.

आता सर्वांत मोठा आक्षेप. प्रत्यक्षात पुष्कळ रोगी गोळ्या मध्येच सोडतात, हे खोटे आहे का? खोटे नाही. वॉलेस फॉक्स यांनीही १९५० च्या दशकात हीच अडचण नोंदवली होती. पण सोडणे हे कारण मानले, तरी ते कोणत्या परिस्थितीत घडते हे पाहावे लागते. १९६३ साली डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या संशोधकांनी कर्नाटकातल्या तुमकूर भागात दाखवले, की क्षयाची लक्षणे असलेल्यांतले निम्म्याहून अधिक लोक स्वतःहून दवाखान्यात जाऊन आले होते. त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले गेले होते. रोगी दाराशी आला होता, ओळखणारा आत नव्हता. सातारा-सांगलीत याला स्थलांतराची जोड आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेलेल्यांच्या पिढ्या झाल्या. खानापूर-आटपाडीचे सोने-चांदी गाळणारे गलाईवाले देशभर पांगले. आणि कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांवर दिवाळीच्या आसपास बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि उन्हाळा लागता परततात. गळीत हंगाम चार-सहा महिन्यांचा, क्षयाचा कोर्सही सहा महिन्यांचा. गावी सुरू झालेला उपचार फडावर पुरा करायचा, किंवा फडावर सुरू झालेला गावी नेऊन पुरा करायचा, हे कोयता चालवणाऱ्या जोडप्याच्या हातात कितीसे असते? उचल घेतलेली असते, खाडा झाला तर पैसे कापले जातात. तग धरलेल्या जंतूंसाठीचे ते चार महिने आणि या माणसांच्या वर्षाची मांडणी एकमेकांना छेदतात. हा छेद व्यवस्थेने भरून काढायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. क्षय पुन्हा झाला म्हणजे जुनाच जंतू उठला, हे कशावरून? जिथे रोग इतका पसरलेला आहे, तिथे नवी लागणही होऊ शकते. जनुकीय ठसे घेता येऊ लागल्यावर या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि ते दुहेरी निघाले. दक्षिण भारतातल्या अभ्यासात एचआयव्ही नसलेल्या रोग्यांत परतलेला जंतू बहुतेक वेळा पहिलाच होता, तर एचआयव्ही असलेल्यांत तो बहुतेक वेळा नवा होता. सांगली हा १९९० च्या दशकापासून एचआयव्हीचा मोठा भार सोसलेला जिल्हा. तिथे १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था या प्रश्नावर काम करते आहे. पाचगणीचे बेल एअर, जे आता इंडियन रेडक्रॉस सोसायटीकडे आहे, तेही या काळात क्षयाबरोबर एचआयव्हीच्या रोग्यांसाठी उघडले. म्हणजे या भागात क्षय उलटण्याची दोन्ही कारणे नांदतात. त्यामुळे इथला युक्तिवाद मोडत नाही, त्याला मर्यादा पडते : नवी लागण झालेल्याला तर बोल लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरा आक्षेप असा, की सहा महिने फारच झाले. बहुतेक रोगी चार महिन्यांतच बरे होत असतील, तर सर्वांना का राबवायचे? बहुतेक होतात, हे खरे. २०१४ साली चार महिन्यांच्या नव्या उपचारांच्या तीन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत थुंकी लवकर स्वच्छ झाली, पण उपचार थांबल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. थुंकी स्वच्छ होण्याचा वेग आणि तग धरलेल्यांचा नाश या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मॅकडरमॉटच्या उंदरांनी सांगितलेले सत्य माणसांत पुन्हा सिद्ध झाले. चार महिन्यांत कोण खरोखर बरा झाला आणि कोणात मूठभर उरले आहेत, हे सांगणारी खात्रीची तपासणी अजून दवाखान्यात नाही, म्हणून सर्वांना सहा महिने. २०२१ साली रिफापेंटीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन घातलेला चार महिन्यांचा उपचार मात्र सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला. मुदत औषधाच्या ताकदीने कमी होते, घाईने होत नाही.

आपल्या देशाच्या कार्यक्रमानेही हा धडा उशिराच घेतला. १९९७ पासून पसरत गेलेल्या सुधारित कार्यक्रमात गोळ्या आठवड्यातून तीनदा, समोर बसवून दिल्या जात. तमिळनाडूतल्या तिरुवल्लूर जिल्ह्यात बरे ठरवलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा सुमारे १२ टक्क्यांचा रोग उलटला होता. त्यांत अनियमितपणा हे कारण होतेच, पण सुरुवातीपासून आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू हेही होते, आणि ती तपासणी तेव्हा सर्रास होत नसे. उलटलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्या सहा महिन्यांतच उलटले. पुढे २०१७ पासून रोजची, वजनानुसार मात्रा आली. म्हणजे जो दोष वर्षानुवर्षे रोग्याच्या खात्यावर मांडला गेला, त्यातला काही वाटा मात्रेच्या आखणीचा आणि अपुऱ्या तपासणीचा होता. २०२४ साली देशाच्या अनेक भागांतून क्षयाच्या औषधांच्या तुटवड्याच्या तक्रारी आल्या. रोग्याने आठवडाभर गोळी चुकवली तर त्याला बेजबाबदार म्हणायचे आणि कोठारात गोळी नसली तर त्याला अडचण म्हणायचे, हा न्याय नाही. जंतूला दोन्ही खंड सारखेच लाभतात.

या इतिहासातून निघणारे काम ठोस आहे. सध्याच्या नियमांनुसार उपचार संपल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी रोग्याची तपासणी व्हायला हवी. तग धरलेल्या जंतूंचे जे ज्ञान आपण शंभर वर्षांत मिळवले, त्याचा सर्वांत थेट उपयोग या चार तपासण्यांत आहे, आणि सातारा-सांगलीसारख्या ये-जा करणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यांत त्याच सर्वांत आधी गळतात. कारखान्याच्या फडावरच्या टोळीची यादी मुकादमाकडे असते. ती आरोग्य केंद्राकडेही असावी, आणि रोग्याच्या मूळ जिल्ह्याला कळवली जावी. थुंकी स्वच्छ झाली म्हणून सुटका झाली असे रोग्याला न सांगता, उरलेले चार महिने कोणासाठी आहेत हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगावे. आणि कोणाचा क्षय उलटलाच, तर पहिले प्रश्न औषधाच्या मात्रेबद्दल, जंतूच्या तपासणीबद्दल, गोळ्यांच्या पुरवठ्याबद्दल आणि घरात नवी लागण कुठून आली असेल याबद्दल विचारावेत. गोळ्या का चुकल्या हा प्रश्नही विचारावा, पण उत्तर ऐकून घेण्यासाठी. बरे वाटणे आणि बरे होणे यांत काही महिन्यांचे अंतर आहे. ते जंतूने निर्माण केले आहे, आणि ते पार करण्यासाठी रोग्याला सोबत देणे हे वैद्यकाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. ज्याच्या छातीत जंतू दबा धरून बसले आहेत, त्याला दोषी ठरवून ते काम होत नाही.